मांडीतून पाय गेल्यानंतर : सॉकेटचा पाय की हाडाला जोडलेला पाय, हे कसे ठरवावे

कृत्रिम पाय घ्यायचा ठरला की घरात चर्चा सुरू होते ती गुडघ्याची आणि पावलाची. गुडघा साधा घ्यावा, हायड्रॉलिक घ्यावा की मायक्रोप्रोसेसरचा घ्यावा, पाऊल रबराचे असावे की कार्बन फायबरचे, यावर बराच वेळ आणि पुष्कळ पैसा खर्च होतो. प्रत्यक्षात मांडीतून पाय काढावा लागलेल्या माणसाचे चालणे सर्वांत जास्त अवलंबून असते ते शरीर आणि कृत्रिम पाय यांच्यामधल्या जोडावर. हा जोड दुखत असेल, सरकत असेल किंवा घामाने सुटत असेल, तर कितीही महागडा गुडघा दुपारनंतर भिंतीला टेकून ठेवला जातो आणि माणूस पुन्हा कुबड्यांवर येतो.

हा जोड आज दोन प्रकारांनी करता येतो. उरलेल्या मांडीवर, म्हणजे स्टंपवर, घट्ट बसणारे सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा पेल्यासारखा पोकळ वरचा भाग, चढवणे हा पहिला आणि जगभर सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार. मांडीच्या हाडात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवून त्याचे टोक त्वचेतून बाहेर काढणे आणि कृत्रिम पाय थेट त्या टोकाला जोडणे हा दुसरा. पुढील मार्गदर्शन गुडघ्याच्या वरून पाय गेलेल्या प्रौढ व्यक्तींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. गुडघ्याच्या खालून पाय गेला असेल तर स्वतःचा गुडघा शाबूत असतो आणि सॉकेटवरही बहुधा चांगले चालता येते, त्यामुळे हाडाच्या इम्प्लांटचा प्रश्न त्यांच्यापुढे तुलनेने कमी वेळा येतो.

दोन्ही जोडांमध्ये भार कुठून जातो

सॉकेटमध्ये शरीराचा भार हाडावरून सरळ खाली जात नाही. तो बैठकीच्या हाडावर, मांडीच्या स्नायूंवर आणि त्वचेवर वाटला जातो. मांडीचे कापलेले हाड मऊ मांसामध्ये उशीत खोचलेल्या काठीसारखे असते. पाऊल पुढे टाकताना आधी हाड मांसात सरकते, मग मांस सॉकेटवर दाबले जाते आणि त्यानंतर कृत्रिम पाय हलतो. या मधल्या सरकण्यात ताकदही जाते आणि नेमकेपणाही जातो. खुब्याचे बाजूचे स्नायू हाडाला हवे तसे धरून ठेवू शकत नाहीत, म्हणून अनेक जण कृत्रिम पायावर उभे राहताना धड त्याच बाजूला झुकवतात. वर्षानुवर्षे असे चालल्यावर कंबरदुखी मागे लागते, आणि तीच वाट चालायला धडधाकट माणसापेक्षा बरीच जास्त दमछाक होते.

हाडाला जोडलेल्या पायात हे मधले मांस वगळले जाते. टायटॅनियमच्या पृष्ठभागाला जिवंत हाड घट्ट धरून वाढते, हे स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी दाखवून दिले होते आणि १९६५ मध्ये त्या आधारावर पहिल्या रुग्णाला दातांचे इम्प्लांट बसवण्यात आले. दातांचे इम्प्लांट आज आपल्याकडे तालुक्याच्या गावीही बसवले जाते. त्याच तत्त्वावर १९९० मध्ये गोथेनबर्ग येथे मांडीच्या हाडात पहिले इम्प्लांट बसवले गेले. पुढे ब्रोनेमार्क यांचे पुत्र, अस्थिशल्यचिकित्सक रिकार्ड ब्रोनेमार्क, यांनी या पद्धतीला शिस्तबद्ध रूप दिले. ती 'ओप्रा' या नावाने ओळखली जाते आणि तिच्यात आटे असलेले, स्क्रूसारखे इम्प्लांट हाडाच्या पोकळीत फिरवून बसवतात. जर्मनीतील ल्यूबेक येथे १९९९ पासून दुसरा मार्ग निघाला, ज्यात खडबडीत पृष्ठभागाचा लांब दांडा हाडात ठोकून घट्ट बसवला जातो. ऑस्ट्रेलियात शल्यचिकित्सक मुंजेद अल मुदेरिस यांनी या दुसऱ्या मार्गाचा मोठा प्रसार केला, तर नेदरलँड्समध्ये नायमेखन येथील विद्यापीठ रुग्णालयात २००९ पासून असे उपचार होत आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ओप्रा पद्धतीला २०१५ मध्ये मर्यादित आणि डिसेंबर २०२० मध्ये पूर्ण मान्यता दिली, तीही गुडघ्याच्या वरून पाय गेलेल्या आणि सॉकेटचा त्रास असलेल्या प्रौढांसाठी. या अटीतला शेवटचा भाग नीट लक्षात ठेवावा, कारण सगळा निर्णय त्याच्याभोवती फिरतो.

आधी सॉकेटला पूर्ण संधी द्यावी

हाडाच्या इम्प्लांटचा विचार करण्यापूर्वी सॉकेटचा पाय खरोखर जमत नाही, की बसवलेले सॉकेटच चुकीचे आहे, हे वेगळे करणे आवश्यक आहे. माझ्या मते सर्वांत जास्त घाई याच टप्प्यावर होते. चुकीच्या मापाचे एक सॉकेट दुखले म्हणून 'मला सॉकेट चालत नाही' असा निष्कर्ष काढू नये.

तयारी शस्त्रक्रियेनंतर लगेच सुरू होते. टाके भरल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने क्रेप बँडेज इंग्रजी आठच्या आकड्यासारखे तिरपे गुंडाळावे, टोकाकडे जास्त घट्ट आणि वर जांघेकडे सैल, म्हणजे सूज वर सरकते आणि स्टंपला निमुळता आकार येतो. बँडेज गोल गोल आवळले तर टोक फुगते आणि रक्तप्रवाह अडतो. आराम वाटतो म्हणून मांडीखाली उशी घेऊन दिवसभर पडून राहू नये. त्याने खुबा पुढच्या बाजूला आखडतो, आणि आखडलेल्या खुब्यावर बनवलेला पाय घालून सरळ उभे राहता येत नाही. दिवसातून दोन-तीन वेळा वीस ते तीस मिनिटे पालथे झोपावे. एवढ्या साध्या गोष्टीने पुढचे चालणे किती सुधारते, हे फिजिओथेरपिस्ट सांगून थकतात, आणि तरीही घरोघरी हीच गोष्ट सर्वांत जास्त राहून जाते.

पहिल्या वर्षात स्टंप सतत बारीक होत असतो, त्यामुळे पहिले सॉकेट काही महिन्यांत सैल होणे स्वाभाविक आहे. दुसरे सॉकेट लागणार हे पैशांच्या हिशेबात आधीच धरून चालावे. नवे सॉकेट आले की प्रोस्थेटिस्टच्या, म्हणजे कृत्रिम पाय बनवून बसवणाऱ्या तज्ज्ञाच्या, खोलीतून बाहेर पडण्यापूर्वी काही गोष्टी स्वतः तपासाव्यात. बैठकीचे हाड सॉकेटच्या कडेवर किंवा कडेच्या आत ठरलेल्या जागी येते का, जांघेत आतल्या बाजूला कड टोचते का, आणि पाय जमिनीवरून उचलल्यावर सॉकेट खाली घसरते का, हे पाहावे. स्टंपचे टोक सॉकेटच्या तळाला हलके तरी टेकले पाहिजे. ते अधांतरी राहिले तर टोकाला रक्त साचते, त्वचा काळपट आणि जाड होते आणि काही काळाने खरखरीत फोडांसारखी दिसू लागते. अर्धा तास चालून सॉकेट काढल्यावर दिसणारी लाली वीस मिनिटांच्या आत गेली तर काळजी नाही. ती तशीच राहिली किंवा एकाच ठिपक्यावर गडद दिसली, तर सॉकेट त्या जागी दुरुस्त करून घ्यावे.

सॉकेट चढवण्याची रीतसुद्धा शिकावी लागते. हवेच्या ओढीवर धरणाऱ्या सॉकेटमध्ये स्टंपवर गुळगुळीत कापड गुंडाळतात, त्याचे टोक सॉकेटच्या तळाशी असलेल्या झडपेच्या भोकातून बाहेर काढतात आणि उभे राहून, शरीर किंचित वर-खाली करत, कापड थोडे थोडे खाली ओढतात. कापडाबरोबर मांस आत खेचले जाते, शेवटी कापड बाहेर येते आणि झडप बसवली जाते. हे घाईत केले तर जांघेतील मांस कडेवर लोंबते आणि तासाभरात सोलवटते. सिलिकॉन लायनर, म्हणजे सॉकेटच्या आत स्टंपवर चढवायचे मऊ आवरण, वापरणाऱ्यांनी लायनर उलटा करून स्टंपच्या टोकाला आधी टेकवावा आणि मग वर गुंडाळत न्यावा, टोकाशी हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, आणि तळाशी सॉकेटमध्ये अडकणारी पिन असेल तर ती सरळ खाली आहे याची खात्री करावी. दिवस चढतो तसा स्टंप थोडा आटतो, म्हणून संध्याकाळी पाय सैल वाटला तर एक पातळ मोजा वाढवावा. डायलिसिस घेणाऱ्यांमध्ये हा फरक जास्त असतो.

कोकणातील दमट हवा किंवा विदर्भातील उन्हाळा असेल तर घाम ही सॉकेटची सर्वांत मोठी अडचण ठरते. दुपारी एकदा पाय काढून स्टंप आणि लायनर दोन्ही कोरडे पुसावेत, रात्री लायनर सौम्य साबणाने धुऊन साबणाचा अंश न ठेवता सुकवावा, आणि शक्य असल्यास दोन लायनर आळीपाळीने वापरावेत. घाम रोखणारे औषध डॉक्टरांना विचारून रात्री झोपण्यापूर्वी लावावे, सकाळी सॉकेट घालण्याच्या तोंडावर लावू नये.

एवढे सगळे करून निदान काही आठवडे एका वहीत नोंद ठेवावी. रोज पाय किती तास घातला, किती वेळा मध्येच काढावा लागला, कुठे दुखले किंवा जखम झाली, आणि बसताना किती त्रास झाला, हे लिहावे. तीस मीटरचा सपाट रस्ता मोजून सहा मिनिटांत किती मीटर चालणे होते ते पंधरवड्यातून एकदा पाहावे. खुर्चीतून उठणे, तीन मीटर चालणे, वळून परत येणे आणि बसणे, याला किती सेकंद लागतात तेही लिहून ठेवावे. याच दोन चाचण्या मोठी रुग्णालयेही वापरतात, आणि अशी वही घेऊन गेलेल्या रुग्णाशी डॉक्टरांचे बोलणे पहिल्या भेटीतच नेमक्या मुद्द्यावर येते.

महाराष्ट्रात सॉकेटच्या दुरुस्तीसाठी अनुभवी जागा आहेत. मुंबईत हाजी अली येथे केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, आणि पुण्यात वानवडी येथे लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून काम करते आहे. जयपूर फूट देणाऱ्या संस्थांची शिबिरेही राज्यात होत असतात. एका ठिकाणी दोन वेळा सॉकेट जमले नाही तर दुसऱ्या प्रोस्थेटिस्टचे मत घ्यावे. चांगल्या हाताने बनवलेल्या सॉकेटवर अनेकांचे चालणेच नव्हे, तर नोकरी आणि प्रवासही पूर्ववत होतात, आणि अशा माणसाने शस्त्रक्रियेच्या मागे लागण्याचे कारण नाही.

हाडाला जोडलेला पाय कोणासाठी

नोंदवही भरल्यावरही चित्र तेच राहिले, म्हणजे स्टंप फार आखूड असल्याने सॉकेट धरत नसेल, त्वचेवर मोठे व्रण किंवा त्वचारोपण असल्याने कातडी वारंवार फाटत असेल, घामाने आणि घर्षणाने महिन्यातले अनेक दिवस पाय घालताच येत नसेल, तर हाडाच्या इम्प्लांटबद्दल विचारणा करणे योग्य ठरते. रस्त्यावरील किंवा रेल्वेच्या अपघातात, युद्धात अथवा गाठीच्या शस्त्रक्रियेत पाय गेलेल्या आणि इतर प्रकृती चांगली असलेल्या व्यक्तींना या उपचाराचा सर्वाधिक लाभ झालेला आहे.

रक्तवाहिन्या आकसल्यामुळे किंवा मधुमेहाच्या गुंतागुंतीमुळे पाय गेला असेल तर बहुतेक केंद्रे हा उपचार नाकारतात किंवा फार काटेकोर तपासणी करतात, कारण जखम भरण्याची आणि जंतुसंसर्गाला तोंड देण्याची शरीराची क्षमता कमी झालेली असते. आपल्याकडे मधुमेहाने पाय गमावणाऱ्यांची संख्या मोठी आहे, म्हणून हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलेले बरे. धूम्रपान चालू असणे, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असणे, त्या हाडाला किरणोपचार झालेले असणे, वाढीचे वय पूर्ण झालेले नसणे, याही अडचणी आहेत. ओप्रा पद्धतीत कृत्रिम पायासह वजन १०० किलोच्या आत असावे अशी अट आहे. स्टंप अगदी लांब असेल तर इम्प्लांटचा जोड आणि कृत्रिम गुडघा बसायला जागा उरत नाही आणि हाड आखूड करावे लागू शकते.

लाभ किती होतो, याचे एक चांगले मोजमाप नायमेखनच्या पथकाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. सॉकेटचा त्रास असलेल्या २२ जणांचे त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी आणि शस्त्रक्रियेनंतर एका वर्षाने मोजमाप केले. आठवड्यातून पाय घालण्याचे तास सरासरी ५६ वरून १०१ वर गेले, सहा मिनिटांत चालण्याचे अंतर ३२१ मीटरवरून ४२३ मीटरवर गेले, खुर्चीतून उठून परत बसण्याच्या चाचणीचा वेळ १५ सेकंदांवरून ८ सेकंदांवर आला आणि चालताना लागणारा प्राणवायू सुमारे १८ टक्क्यांनी कमी झाला. हे आकडे आशादायक आहेत, मात्र ते आधीपासून सॉकेटने त्रस्त असलेल्या माणसांचे आहेत. ज्याचे सॉकेट उत्तम चालते आहे त्याने ते स्वतःला लावून घेऊ नयेत.

मोजमापात न येणारे काही फायदेही आहेत. मांडीभोवती कड नसल्याने खुर्चीत, मोटारीत आणि संडासात बसणे सोपे होते, खुबा पूर्ण फिरतो, आणि पाय जोडायला किंवा काढायला काही क्षण पुरतात. जमिनीची कंपने हाडातून वर येतात, त्यामुळे पायाखाली फरशी आहे की सतरंजी, हे बऱ्याच जणांना न पाहता समजते. अंधारात किंवा उतारावर चालताना या जाणिवेचा मोठा आधार होतो.

शस्त्रक्रियेपासून पहिल्या पावलापर्यंत

स्क्रूच्या पद्धतीत मूळ स्वीडिश क्रमानुसार दोन शस्त्रक्रिया होतात. पहिलीत इम्प्लांट हाडात बसवून जखम बंद करतात आणि हाड त्याला धरेपर्यंत साधारण सहा महिने थांबतात. अलीकडे काही केंद्रांनी हा अवधी कमी केला आहे. दुसऱ्या शस्त्रक्रियेत टोकाची त्वचा पातळ करून हाडाला चिकटेल अशी बसवतात आणि तिच्यातील छिद्रातून धातूचा दांडा बाहेर काढतात. ठोकून बसवण्याच्या पद्धतीत बऱ्याच केंद्रांमध्ये हे सगळे एकाच शस्त्रक्रियेत होते आणि भार देणेही लवकर, काही दिवसांतच, सुरू केले जाते. कोणत्या पद्धतीने आपली शस्त्रक्रिया होणार आहे हे ठाऊक असल्याशिवाय दुसऱ्या रुग्णाच्या प्रगतीशी स्वतःची तुलना करू नये.

स्क्रूच्या पद्धतीत दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते सहा आठवड्यांनी भार देण्याचा सराव सुरू होतो. दांड्याला गुडघा नसलेला आखूड सराव-पाय जोडतात आणि त्याचे टोक योग्य उंचीवर ठेवलेल्या साध्या वजनकाट्यावर टेकवतात. दोन्ही हातांनी आधार धरून, काट्याकडे पाहत, हळूहळू वजन सोडायचे असते. पहिल्या आठवड्यात काटा २० किलोच्या पुढे जाऊ द्यायचा नाही आणि नंतर दर आठवड्याला १० किलो वाढवायचे, म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला पूर्ण भार घ्यायला पाचवा आठवडा उजाडतो. वेदना शून्य ते दहाच्या मापावर पाचच्या वर गेली तर भार कमी करून मागच्या टप्प्यावर परत यावे. हाड कमकुवत असेल तर हाच क्रम निम्म्या वेगाने चालवतात.

या काळात रुग्णाला बरे वाटत असते, जखम भरलेली असते, आणि म्हणूनच मोह आवरणे कठीण जाते. हाड आणि धातू यांची पकड मात्र भाराच्या सवयीनेच पक्की होते आणि अचानक जास्त भार पडला तर ती सुटू शकते. घरच्यांनी 'अजून किती दिवस?' असे विचारून घाई करायला लावू नये. पूर्ण लांबीचा पाय साधारण तिसऱ्या महिन्याच्या सुमारास जोडला जातो, त्यानंतरही दोन कुबड्या बराच काळ ठेवाव्या लागतात, आणि घरात कुबड्यांशिवाय चालण्याची परवानगी बहुधा सहाव्या महिन्याच्या आसपास मिळते. पहिल्या शस्त्रक्रियेपासून मोजले तर एक वर्ष सहज जाते. नोकरीची रजा, घरातील मदतनीस आणि प्रवासाचा खर्च यांची आखणी त्या हिशेबानेच करावी.

पूर्ण भार जमला की चालण्याची पद्धत नव्याने शिकावी लागते. सॉकेटच्या काळात धड झुकवण्याची आणि खुबा वर ओढून पाय पुढे टाकण्याची लागलेली सवय आपोआप जात नाही. आरशासमोर, पॅरलल बारमध्ये (दोन्ही बाजूंना धरायला असलेल्या समांतर दांड्यांमध्ये), दोन्ही पावलांवर समान वेळ भार देण्याचा सराव करावा, खुब्याच्या बाजूच्या आणि मागच्या स्नायूंचे व्यायाम रोज करावेत आणि मगच पायऱ्या, उतार व खडबडीत रस्ता यांकडे वळावे.

छिद्राची निगा आणि जंतुसंसर्ग

त्वचेतून कायमचा धातू बाहेर आलेला असणे, हे या उपचाराचे सर्वांत गंभीर वास्तव आहे. रोज सौम्य साबण आणि स्वच्छ पाण्याने छिद्राभोवतीची जागा धुवावी, वाळलेला स्राव हळुवार काढावा, जागा कोरडी करावी आणि सांगितले असेल तशी पट्टी बांधावी. थोडा पाण्यासारखा स्राव अनेकांना कायम राहतो आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते. लाली पसरणे, स्राव दाट किंवा दुर्गंधीयुक्त होणे, ताप येणे ही संसर्गाची चिन्हे आहेत. भार दिल्यावर हाडात खोलवर दुखू लागले तर पाय काढून ठेवावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, कारण त्यामागे हाडापर्यंत पोहोचलेला संसर्ग किंवा इम्प्लांट सैल होणे असू शकते. घरात उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्याने नेमका जंतू ओळखणे अवघड होते.

धोक्याचे आकडेही तितक्याच स्पष्टपणे माहीत असावेत. ओप्रा पद्धतीच्या ५१ रुग्णांच्या पाच वर्षांच्या पाहणीत ९२ टक्के इम्प्लांट हाडात टिकून होते. त्याच पाहणीत ३४ जणांना मिळून त्वचेच्या वरच्या थराचे ७० संसर्ग झाले, ११ जणांना खोल संसर्ग झाला, आणि १५ जणांना बाहेरचा दांडा किंवा त्याचा स्क्रू बदलावा लागला. गोथेनबर्गच्याच दुसऱ्या एका अभ्यासात दहा वर्षांत हाडाच्या संसर्गाचा धोका सुमारे २० टक्के आणि त्यामुळे इम्प्लांट काढावे लागण्याचा धोका सुमारे ९ टक्के आढळला. वरचा संसर्ग बहुधा गोळ्यांनी बरा होतो. इम्प्लांट काढावे लागले तर मात्र पुन्हा शस्त्रक्रिया आणि पुन्हा काही महिने कुबड्या हाती येतात, हे गृहीत धरूनच होकार द्यावा.

आपल्या घरातील आणि रस्त्यावरील चालणे

परदेशी माहितीपत्रकांत जमिनीवर बसण्याचा उल्लेख क्वचितच असतो, आपल्याकडे मात्र जेवण, पूजा आणि पाहुणचार यांत तो प्रसंग रोज येतो. सॉकेटच्या पायात गुडघ्याच्या वर फिरणारी चकती बसवून घेतली तर नडगीचा भाग वळवून मांडी घालता येते. नवा पाय बनवतानाच ती मागून घ्यावी, कारण नंतर बसवायला उंचीत जागा सापडेलच असे नाही. हाडाला जोडलेल्या पायात पीळ थेट हाडावर येतो, म्हणून जमिनीवर बसायचे असेल तर पाय काढून बसणे अधिक सुरक्षित आहे, आणि तो चटकन निघत असल्याने ते अवघडही जात नाही. भारतीय पद्धतीच्या संडासात दोन्ही प्रकारांत कमोड खुर्ची आणि भिंतीला पक्की दांडी यांना पर्याय नाही.

पावसाळ्यात सॉकेट वापरणाऱ्याने ओले लायनर तसेच ठेवून दिवस काढू नये. हाडाला जोडलेला पाय वापरणाऱ्याने तुंबलेल्या पाण्यातून चालणे टाळावे आणि तसा प्रसंग आलाच तर घरी आल्याबरोबर छिद्र धुऊन कोरडे करावे. विहीर, तलाव किंवा नदीत पोहण्याबद्दल शल्यचिकित्सकाला स्पष्ट विचारावे. सॉकेट वापरणारा पाय काढून निर्धास्त पोहू शकतो, ही त्या प्रकाराची एक मोठी जमेची बाजू आहे. धावणे आणि उड्या मारणे हे हाडाच्या इम्प्लांटवर सहसा करू दिले जात नाही. ज्यांचे मन धावण्यात आहे त्यांनी सॉकेटवरच राहावे, असे मला वाटते.

पडण्याचा प्रश्न दोन्हीकडे आहे, त्याचे परिणाम मात्र वेगळे आहेत. सॉकेट पडताना सुटून जाऊ शकते, पण हाडाला जोडलेल्या पायात सगळा धक्का हाडावर येतो आणि इम्प्लांटजवळ हाड मोडू शकते. त्यासाठी जोडाच्या भागात ठरावीक मर्यादेपलीकडे पीळ पडला की सुटणारी यंत्रणा असते. ती आपल्या पायात आहे का, ती सुटल्यावर पुन्हा कशी बसवायची आणि त्यासाठी लागणारी चावी कुठे ठेवायची, हे रुग्णालयातून बाहेर पडण्यापूर्वी स्वतःच्या हाताने करून पाहावे. धावत्या लोकलमध्ये चढणे, गर्दीच्या बसमध्ये दारात उभे राहणे हे अशा पायाने करू नये. दोन्ही प्रकारांत पडल्यावर जमिनीवरून खुर्चीच्या आधाराने उठण्याचा सराव फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आधीच करून ठेवावा.

होकार देण्यापूर्वी

इम्प्लांट एका शहरात किंवा परदेशात बसवले जाईल, पण त्याची निगा पुढची अनेक वर्षे आपल्याच गावात घ्यावी लागेल. म्हणून शल्यचिकित्सकाला प्रथम हे विचारावे की त्यांनी अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, त्यांतल्या किती रुग्णांना ते पाच वर्षांनंतरही तपासत आहेत, आणि किती जणांचे इम्प्लांट काढावे लागले. बाहेरचा दांडा किंवा स्क्रू झिजला तर तो भारतात मिळतो का, किती दिवसांत मिळतो आणि कोण बदलतो, हे लेखी घ्यावे. पुण्या-मुंबईपासून दूर राहणाऱ्यांनी आपल्या जिल्ह्यातील एका अस्थिरोगतज्ज्ञाला आधी भेटून संसर्ग झाल्यास ते पहिली तपासणी करतील का, हे ठरवून घ्यावे. शक्य असेल तर तीच पद्धत वापरून चालणाऱ्या एखाद्या व्यक्तीशी, शल्यचिकित्सकाच्या गैरहजेरीत, मोकळेपणाने बोलावे आणि तिच्या वाईट दिवसांबद्दल आवर्जून विचारावे.

निर्णय कोणताही झाला तरी एक फाइल तयार ठेवावी. सॉकेट असेल तर प्रत्येक नव्या सॉकेटची तारीख, लायनरचे माप आणि आधीच्या जखमांचे फोटो तिच्यात असावेत. इम्प्लांट असेल तर त्याचा प्रकार, आकार आणि क्रमांक, शस्त्रक्रियेनंतरचे एक्स-रे, आणि आजवर झालेले संसर्ग व दिलेली औषधे यांची यादी असावी, म्हणजे रात्रीच्या वेळी अनोळखी डॉक्टरांसमोरही उपचार लवकर सुरू होतील. कुबड्यांची जोडी मात्र कोणालाही देऊन टाकू नये. सॉकेट दुरुस्तीला गेलेले असताना किंवा छिद्राला आराम देण्यासाठी पाय काढून ठेवलेला असताना एका पायावर उड्या मारत स्वयंपाकघरात जाणे, हा पडण्याचा ठरलेला मार्ग आहे; म्हणून कुबड्यांची खालची रबरे दर काही महिन्यांनी बदलावीत आणि त्या पलंगावरून हात पोहोचेल अशा जागी ठेवाव्यात.